तुमचं परवा, माझं परवा

माणिककाका,

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांच्या आधी तुमचं नाव घेतो आणि मग मनातल्या मनात ओशाळतो. वडिलांना हे मी एकदा सांगितलंही. ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं. आम्ही तुला एसटीत बसवून दिलं. उतरवून त्यांनी घेतलं." तुम्हाला मात्र हे सांगायचं राहिलं. किंवा राहिलं नाही. मी सांगितलं, पण ते तुमच्यापर्यंत पोचलं की नाही तेच मला कळत नाहीये. मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्याबद्दल लिहायला बसलोय, पण डोक्यात दुसरं काही येतच नाही.

तुम्ही गेलात त्याला अजून महिना झालेला नाही. अंबरपेठच्या घराच्या पायरीवर तुमचे पळायचे बूट तसेच आहेत. काकू ते कुणाला उचलू देत नाहीत. डाव्या बुटाच्या तळाला नदीकाठची काळी माती वाळून बसली आहे.

बिलोलीच्या शाळेतून बी.ए.ला हैदराबादला आलो आणि तुमच्या गच्चीवरच्या खोलीत राहायला लागलो, तेव्हा मी कॉलेजात दिवसभर तोंड उघडत नसे. सगळं इंग्रजीत चालायचं. समजायचं बऱ्यापैकी, बोलता यायचं नाही. एका संध्याकाळी तुम्ही जिन्यात अडवलंत.

"कॉलेजात काय बोलतोस का नाही?"

"नाही काका. वाक्य मनात जुळवेपर्यंत विषय बदलतो."

"मग जुळवायलास कायकू? परवा नदीवर पळायला जाऊ. परेशान होऊ नको."

इंग्रजीचा आणि पळण्याचा काय संबंध ते मला कळलं नाही, पण परवा म्हणजे उद्याचा दुसरा दिवस एवढं कळलं. त्या दिवशी पहाटे मी शाळेतले कॅनव्हासचे बूट घालून तुमच्या पायरीवर बसलो. बऱ्याच वेळाने तुम्ही दात घासत बाहेर आलात.

"कुठं निघालास?"

"नदीवर. तुम्ही परवा म्हणालात."

"हौ, म्हणालो."

"आज परवा आहे, काका."

तुम्ही तोंडातला फेस सांभाळत हसू लागलात, शेवटी पायरीवर माझ्या शेजारीच बसलात. "अरे मियाँ, परवा म्हणजे परवाच काय?"

आतून काकू म्हणाल्या, "गंगाधर, ह्यांच्या परव्याच्या नादी लागू नको. आमचं लग्नसुद्धा ह्यांच्या हिशेबानं परवाच झालंय."

हैदराबादेत होऊन गेलेला कुठलाही दिवस परवा असतो, हे मला नंतर कळलं. गेल्या आठवड्यातला आणि तीस वर्षांपूर्वीचाही. तुम्ही तर एक पाऊल पुढे गेला होतात. तुम्ही पुढच्या कुठल्याही दिवसालाही परवाच म्हणायचात. पण त्या दिवशी तुम्ही तोंड धुतलंत, जुनी गाडी बाहेर काढलीत आणि काकूंना म्हणालात, "पोरगं बूट घालून बसलंय. आता वापस कसं पाठवायचं?"

एरवी आपण तारनाक्याला विद्यापीठाच्या रस्त्यांवर पळायचो. पण खरं पळणं रविवारचं, मेदकच्या अलीकडे, मंजीरेच्या काठचं. गाव सोडलं की चिंचेखाली गाडी लावायची, शेजारच्या पोचम्मा देवीच्या ठाण्याला हात जोडायचे आणि बांधावर उतरायचं. एका बाजूला भाताची खाचरं, दुसरीकडे नदी. पाणी कमी असलं की खडकांमधून तिच्या चार-पाच धारा व्हायच्या आणि पुन्हा एक व्हायच्या. धोंडे असे एकावर एक, की आत्ता कुणीतरी रचून गेलंय असं वाटावं. वाटेच्या प्रत्येक तुकड्याला तुम्ही नाव ठेवलं होतं. शिंदीच्या झाडांपाशी वाट उजवीकडून डावीकडे वळते, ते 'उर्दू वळण'. त्यापुढचा खडा चढ 'काकूचा'. "इथं उलटं बोलायचं नाही, गुमान चढायचं," असं तुम्ही चढ यायच्या आधीच सांगायचात. आणि सगळ्यात शेवटी तो सपाट काळा खडक, जिथे बगळे रांगेने बसायचे. त्याला हात लावून आपण परत फिरायचो. तो खडक म्हणजे 'तहसील कचेरी', कारण तिथे सगळे नुसते बसून असतात.

पहिल्या दिवशी बांधावर उतरताच तुम्ही नियम सांगितलात. जाताना फक्त इंग्रजी, येताना फक्त मराठी. आणि चालत नाही, पळत.

"पळता पळता कसं बोलू? दम लागतो."

"दम लागला की ग्रामर आठवत नाही. तेच पायजे."

माझं पहिलं इंग्रजी वाक्य मला अजून आठवतं. उर्दू वळणावर तुम्ही पुढे होतात, मी मागे धापा टाकत, आणि समोरून काहीतरी काळं उधळत आलं. मी ओरडलो, "काका, बफेलो इज कमिंग!" तुम्ही सरळ खाचरात उडी मारलीत. गुडघाभर चिखलात उभे राहून म्हणालात, "व्हेरी गुड. कामाचं सेंटेन्स बोललास."

येताना पाळी तुमची. तुमच्या तीन पिढ्या हैदराबादेत गेल्या, घरात मराठी टिकली पण ती वाटेत भेटेल त्याला सोबत घेत टिकली. शाळा तेलुगू आणि इंग्रजीत, नोकरी रेल्वेत. छापलेलं मराठी तुम्ही हिंदीच्या आधाराने अक्षर अक्षर लावून वाचायचात. मला सांगितलं होतंत, चुकलो की टोक. तुम्ही म्हणायचात "मी पाणी पिलो", मी म्हणायचो "प्यायलो", तुम्ही म्हणायचात, "पोटात गेलं ना, बस." मी शिकलो, तुम्ही काही शिकला नाहीत. आपण सारखेच शिष्य होतो असं दाखवायला तुम्ही तो नियम काढला होतात का, हे मला आज पहिल्यांदाच सुचतंय. आता कुणाला विचारू?

आपलं एक भांडण तर तसंच राहिलं. काळ्या खडकावर बसून पाण्यात पाय सोडले की तुम्ही म्हणायचात, "हे बघ, तुझ्या गावचं पाणी."

"नाही काका. आमच्याकडची मांजरा हीच, पण आमचं गाव खाली आहे. हे पाणी आमच्याकडून आलेलं नाही, आमच्याकडे चाललंय."

"मराठवाड्यातून सगळं इकडंच येतं रे. माणसं येतात, पाणी येतं. माझा आज्जा तिकडूनच आला."

"येते तिकडूनच. पण इथे येऊन ती वळते आणि परत जाते. नकाशा बघा."

"मध्ये येवढं मोठं धरण बसलंय. तुझ्यापर्यंत काय जातंय? नकाशात जातंय."

मी नकाशाही आणला होता. तुम्ही चष्मा विसरलो म्हणालात. चष्मा तुमच्या शर्टाच्या खिशात होता. पुढे मला बिलोलीच्याच कॉलेजात इंग्रजी शिकवायची नोकरी लागली आणि मी हैदराबाद सोडलं, तेव्हा तुम्ही गाडीपर्यंत आलात आणि एवढंच बोललात, "जा. तुझी नदी वळते म्हणतोस ना, मग तू बी वळ." म्हणजे तुम्हाला माझं पटलं होतं, की मला टोमणा मारलात? तेव्हाही मला कळलं नव्हतं.

त्यानंतर जमेल तसा मी येत राहिलो. पण जे बोलायचं ते बोलणं होत नसे. फोनवर मी नुसतं "काका, तुमच्यामुळे" एवढं म्हणालो की तुम्ही मध्येच तोडायचात, "बस बस. जेवलास का?" समोरासमोर तर चढावर उलटं बोलायचं नाही आणि उतारावर दम नाही. म्हणून या थंडीत, कॉलेजात मला कायम केल्यावर, मी तुम्हाला पत्र लिहिलं. हाताने, मराठीत. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही उभ्या उभ्या वाचलं असतंत, हे मला माहीत होतं. तरी मराठीत का लिहिलं? परतीच्या वाटेवर मराठी हा तुमचाच नियम, असं काहीसं डोक्यात होतं. आणि खरं सांगायचं तर आभार मानायचं इंग्रजी मला अजूनही फार तोंडदेखलं वाटतं.

पत्राच्या शेवटी मी लिहिलं, परवा येतो. तो शब्द मी तुमच्या अर्थाने लिहिला होता. इतकी वर्षं तुम्ही मला हसलात, आता मी तुमच्यासारखा परवा म्हणून दाखवतो, अशी गंमत.

पुढचं मला तुम्ही गेल्यावर कळलं. मी अंबरपेठला आलो, बूट बाजूला न सरकवता पायरी चढलो. काकूंनी चहा दिला आणि त्यांच्याशेजारी स्नेहा बसली. तुमची मुलगी मला दादा म्हणते, पण त्या दिवशी ती माझ्याकडे बघत नव्हती.

"तुझं लेटर आलं होतं," ती म्हणाली. "पप्पा चष्मा लावून घेऊन बसायचे. मला म्हणाले, वाच. मला हातचं मराठी नाही येत, दादा. छापलेलं असलं तर मी मॅनेज करते. तुझं अक्षर तर एकदम जोडून जोडून."

काकू कन्नडात शिकलेल्या, बिदरच्या. म्हणजे घरात तिघंही मराठी बोलणारे आणि माझं पत्र वाचू शकेल असं कुणीच नव्हतं. शेजारीपाजारी कुणाला तरी दाखवायचं. पण तुम्ही म्हणालात म्हणे, "नक्को. घरचं आहे. त्यालाच वाचायला लावतो. परवा येतोय." शेवटची ओळ मी जरा मोठ्या अक्षरात लिहिली होती. तेवढी तुम्हाला लागली.

आणि मग काका, तुम्ही काय केलंत? सगळा जन्म ज्या माणसाने परवा शब्द रबरासारखा ताणला, त्याने माझं परवा माझ्या अर्थाने घेतलं. पत्रातली तेवढी ओळ लागली, त्याच्या तिसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही उठलात, बूट घातलेत आणि पायरीवर येऊन बसलात.

"मी म्हटलं, फोन तर लावा त्याला," काकू म्हणाल्या. "तर म्हणाले, कशाला, त्याचं परवा म्हणजे परवाच असतं. बसमध्ये असंल. ऊन पायावर आलं तरी बसलेले. मग एकटेच गाडी घेऊन गेले नदीवर. दुपारी आले ते हसतच आले. मला म्हणाले, पोरगं हैदराबादी झालं गं."

"आईसमोर हसले असतील," स्नेहा म्हणाली. "मला ते गप्प वाटले. जेवताना पण एक शब्द नाही बोलले."

"अगं हसले ते. मी बघितलं ना."

"तू किचनमध्ये होतीस, आई."

त्या दोघी बराच वेळ यावर बोलत राहिल्या आणि मी मध्ये बसून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होतो. तुम्ही हसलात की गप्प होतात? दोन्ही खरं असेल. तुम्हाला माझी गंमत कळली आणि बरं वाटलं, किंवा गंमत कळली आणि वाईट वाटलं, किंवा कळलीच नाही आणि काकूंची समजूत घातलीत. मी हे तिन्ही धरून बघितलं. प्रत्येक रात्री वेगळं पटतं.

तुम्ही नदीवरून एकटे परत आलात, त्याच संध्याकाळी तुमचा फोन आला होता. तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं.

"पाणी आहे का रे तुमच्याकडं नदीला?"

"कुठलं, काका. नुसती वाळू दिसतेय."

"इथून निघालंय. आज बघून आलो. येईल बघ परवापर्यंत."

"बरं."

"बस बस. जेवलास का?"

पत्र मिळालं का, हे मी विचारलं नाही. आपणच मानलेल्या आभारांची पोच मागणं कसंतरी वाटलं. तुम्हीही काढलं नाहीत. काही दिवसांनी तुम्ही झोपेतच गेलात, आणि तुमचं ते वाक्य मी पुन्हा पुन्हा आठवतो. इथून निघालंय, येईल. म्हणजे पाणी तुमच्याकडून माझ्याकडे येतं हे तुम्ही कबूल केलंत. भांडण मी जिंकलो. की तुम्ही नेहमीसारखी माझी फिरकी घेतलीत, कारण तुमचं परवा काय असतं हे मला माहीत आहे? पाणी अजून आलेलं नाही, काका. रोज कॉलेजातून येताना पुलावर थांबून बघतो.

अंबरपेठहून निघालो तो सरळ घरी गेलो नाही. मेदकच्या बसमध्ये बसलो, पुढे रिक्षाने गावापर्यंत, आणि चिंचेपासून पळायला लागलो. पोचम्माला हात जोडले. बांधावर उतरलो आणि जाताना इंग्रजी म्हणून मोठ्याने बोलायला लागलो, जे दिसेल ते. वॉटर. स्टोन. टू वुमन, नो, फोर वुमेन, ट्रान्सप्लांटिंग राइस. वर्गात मी अस्खलित बोलतो, तिथे मात्र पहिल्या वर्षाच्या पोरासारखी जीभ अडखळली. कुणी पुढे नसलं की वळणं पण उलटीसुलटी वाटतात. उर्दू वळणावर मी चक्क कालव्याच्या वाटेला लागलो आणि परत आलो.

लावणी करणाऱ्या बायकांतली एक कंबर सरळ करून उभी राहिली. ती आपल्याला ओळखायची, तुम्ही तिच्याशी तेलुगूत काहीतरी बोलून तिला हसवायचात. तिने विचारलं, "सारु रालेदा?" सर आले नाहीत का. मग हाताने खडकाकडे दाखवून म्हणाली की सारु मोन्ना आले होते, तिथे बसले होते, पाण्यात पाय सोडून. कितीतरी वेळ.

मला तेलुगू येतं ते असं हातावर मोजण्याएवढं. पण एक गोष्ट तुम्हीच सांगितलेली आठवली. तेलुगूत मागच्या परव्याला मोन्ना म्हणतात, मग तो तुमच्या परव्यासारखा कितीही मागचा असो, आणि पुढच्या परव्याला एल्लुंडी. त्यांचे दोन वेगळे शब्द आहेत, घोळ होत नाही. तुम्ही म्हणाला होतात, "आपला एकच शब्द बरा. आलेला आणि येणारा, एकातच भागतं."

"तिथे बसून हसत होते का?" हे मला विचारायचं होतं. तेलुगूत ते कसं विचारायचं ते आलं नाही. तिनेच पुन्हा विचारलं, "मळ्ळी एप्पुडु वस्तडु?" परत कधी येणार.

तुम्ही नाही आहात हे सांगायचा शब्दही माझ्याकडे नव्हता. म्हणजे असेल, पण तोंडातून निघाला नाही. मी म्हणालो, "एल्लुंडी."

ती मान डोलावून पुन्हा वाकली. मी खडकाला हात लावला आणि परत फिरलो. येताना मराठी. टोकायला कुणी नव्हतं आणि टोकून घ्यायलाही नाही, म्हणून चिंचेपर्यंत गप्प आलो.

स्नेहाला छापलेलं मराठी वाचता येतं. म्हणून पत्र तिच्याकडून मागून आणलं आणि खाली जसंच्या तसं छापायला देतोय. समासात उभी, बारीक अक्षरात लिहिलेली ता. क.ची ओळसुद्धा सोडू नका, असं संपादकांना सांगितलंय. अंक आला की स्नेहा ते काकूंना मोठ्याने वाचून दाखवणार आहे, पायरीवर बसून. तुम्हीही ऐका. मध्येच थांबवू नका.

*

ती. माणिककाका यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून पत्र लिहितो. जेवलास का म्हणून विचारू नका. जेवलो आहे. भाकरी आणि वांग्याची भाजी.

मला कॉलेजात कायम केलं. आमच्या घरात सही करणारा मी पहिला आणि आता दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिकांवर सही करतो, हे आईला अजून खरं वाटत नाही.

काल वर्गात एक मुलगी उभी राहिली आणि काही केल्या बोलेना. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मला सगळं ओळखीचं होतं. मी सगळा वर्ग मैदानावर नेला, दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि ती धापा टाकत असतानाच विचारलं, काय दिसतंय ते इंग्रजीत सांग. ती म्हणाली, "सर, गोट इज ईटिंग युवर बॅग." खरंच खात होती. मी म्हणालो, व्हेरी गुड, कामाचं वाक्य. प्राचार्यांनी मैदानावर का नेलं म्हणून विचारलं. मी सांगितलं, आमच्या सरांची पद्धत आहे. तुम्हाला सर म्हटल्याबद्दल रागावू नका.

एक गोष्ट कधी बोललो नाही. तुमच्याकडे खोली बघायला आलो, त्याआधी दोन ठिकाणी मला आडनाव विचारून परत पाठवलं होतं. तुमच्या दारात उभा राहिलो तेव्हा मी उत्तराची तयारी करूनच आलो होतो. तुम्ही माझ्या पायांकडे बघितलंत आणि बुटाचं माप विचारलंत. मी गोंधळून तेही चुकीचं सांगितलं. काका, त्या दिवसापासून मी जो पळतोय तो मागे न बघता पळतोय. हे तुमच्यामुळे आहे. एवढंच लिहायचं होतं, बाकी सगळं या वाक्यासाठी लिहिलं.

नदीला पाणी असेल तेव्हा खडकापर्यंत जाऊ. जाताना इंग्रजी, येताना मराठी. तुम्ही अजून 'पिलो'च म्हणता का ते बघायचं आहे. काकूंना नमस्कार, स्नेहाला आशीर्वाद.

परवा येतो.

तुमचा,
गंगाधर

ता. क. परवा म्हणजे तुमचं परवा, माझं नव्हे. उगाच बूट घालून बसू नका.